थक्क होणे आणि ठकणे

जादूचा प्रयोग पाहून आपण थक्क होतो आणि भामट्याच्या हाती सापडलो की ठकतो. प्रवचनांचे मराठी भाषांतर करण्याची सेवा करताना शब्दांकडे जरा जास्तच लक्ष जाते. त्यातून हे दोन शब्द एकदा शेजारी शेजारी आले आणि मनातून जाईनात. कारण दोन्हीकडे घडते ते एकच. डोळ्यांना एक दिसते आणि प्रत्यक्षात दुसरेच चाललेले असते. तरी पहिल्या ठिकाणाहून आपण हसत बाहेर पडतो, "कसं केलं असेल हो त्यानं?" असे एकमेकांना विचारत घरी येतो. दुसऱ्या ठिकाणाहून परतताना मान खाली असते, घरी सांगायचीही लाज वाटते. फसवणूक दोन्हीकडे आहे, पैसे दोन्हीकडे जातात. मग फरक नेमका कुठे आहे?

तुम्ही म्हणाल, यात एवढा विचार करण्यासारखे काय आहे? करमणूक ती करमणूक आणि लबाडी ती लबाडी. मलाही तसेच वाटत होते. गेल्या हिवाळ्यात मी माझ्या आत्याला एका विनोदी जादूच्या प्रयोगाला घेऊन गेले, तोपर्यंत.

आम्ही बडोद्याचे. प्रयोग गुजराती आणि हिंदी यांच्या सरमिसळीत होता, पण जादूला भाषा फारशी लागत नाही आणि फजितीला तर मुळीच लागत नाही. विनोदी जादूगाराचे सगळे मुद्दाम चुकते. कबूतर काढायला म्हणून टोपीत हात घालतो, तर बनियन बाहेर येतो. तो घाईघाईने खिशात कोंबतो, तर दुसऱ्या खिशातून बाही लोंबायला लागते. टेबलाच्या कोपऱ्यावर एक पितळी लोटा होता. सुरुवातीलाच त्याने तो पार उपडा करून सगळे पाणी बादलीत ओतले, शेवटचा थेंबही झटकून दाखवला. दहा मिनिटांनी, भलताच खेळ चालू असताना, त्याला काहीतरी आठवल्यासारखे झाले आणि त्याने लोटा पुन्हा उपडा केला. पुन्हा धार! हे प्रयोगभर चालू राहिले. हा खेळ जुना आहे. पी. सी. सरकार तो 'वॉटर ऑफ इंडिया' या नावाने करीत. दोन वेळा आत्या नुसती पाहत राहिली. तिसऱ्या वेळी म्हणाली, "आमच्या नळाला शिकव म्हणावं हे." आमच्या पुढच्या रांगेतले मराठी कुटुंब मागे वळून हसले.

मग त्याने एका गृहस्थांकडून पाचशेची नोट मागून घेतली, तिच्या नंबराखाली त्यांची सही घेतली आणि ती जाळली. गृहस्थांचा चेहरा पडला, सभागृह खदखदले. शेवटी ती नोट कापलेल्या लिंबातून निघाली, सहीसकट, थोडी आंबट होऊन. नीट पाहा, आपण त्या गृहस्थांच्या फजितीला इतके मोकळेपणाने का हसलो? नोट परत मिळणार हे प्रत्येकाला, त्यांनासुद्धा, आतून ठाऊक होते म्हणून.

यानंतरचा खेळ जरा सविस्तर सांगते, कारण पुढे तो माझ्यावरच उलटला. एक लाकडी डबा, आत शेजारी शेजारी दोन कप्पे, दोन्हींना समोरून दारे. एका कप्प्यात त्याने मोठा लाकडी फासा ठेवला, दारे लावली आणि डबा एका बाजूला कलता केला. आत काहीतरी खडखडत सरकल्याचा आवाज आला. त्याने वरच्या बाजूचे दार उघडून ऐटीत दाखवले, फासा गायब! मुले ओरडली, "दुसरीकडे गेला!" त्याने न ऐकल्यासारखे केले, दार लावले, डबा उलट बाजूला कलता केला, पुन्हा खडखड, आणि आता दुसरे दार उघडले. तेही रिकामे. मुले खुर्च्यांवर उभी राहिली. "दोन्ही दारं एकदम उघडा!" मोठी माणसेही सामील झाली, मीही झाले. आपण त्याला पकडले, याचा आनंद काही औरच होता. खूप आढेवेढे घेऊन, घाम पुसून त्याने अखेर सगळी दारे एकदम उघडली. डब्यात काहीच नव्हते. फासा निघाला त्याच्या टोपीतून.

यात हातचलाखीपेक्षा मोठी गोष्ट आहे. ज्याला काहीच कळत नाही असा प्रेक्षक इथे फसतच नाही. फसतो तो "मला कळलं" म्हणून ओरडणारा.

त्यानंतर भस्म आले. जादूगाराने खांद्यावर भगवा पंचा टाकला, डोळे मिटले, सगळ्यांना हात जोडायला सांगितले. रिकामा हात हवेत दोनदा फिरवला आणि पहिल्या रांगेतल्या एका माणसाच्या तळहातावर भस्म पडले. लोक एकदम शांत झाले. मग त्याने स्वतःच वास घेतला आणि म्हणाला, "अरे, आज चुलीतली राख काढायची राहिलीच होती." हशा पिकला. आणि मग, त्या संध्याकाळी फक्त एकदाच, त्याने युक्ती उघडी करून दाखवली. राख पेजेत कालवून वाळवलेली गोळी अंगठ्याच्या बेचक्यात दडवायची आणि बोटांनी चुरायची. "बाकीचं सांगणार नाही, माझं पोट आहे त्यावर," तो म्हणाला, "पण हे दाखवतो, कारण यावर दुसऱ्यांची पोटं फार चालतात."

मी खूप जोरात हसले. आणि हसताहसता तिरक्या नजरेने आत्याकडे पाहिले. कारण खरे सांगायचे तर मी तिला याच खेळासाठी आणले होते.

माझ्या आतोबांची मूत्रपिंडे निकामी झाली तेव्हा मी आठवीत होते. डायलिसिसच्या फेऱ्या चालू होत्या. त्या दिवसांत कोणाच्या तरी ओळखीने एक गृहस्थ घरी आले. भगवी वस्त्रे, मऊ आवाज. त्यांनी हवेतून भस्म काढले आणि एकवीस दिवस पाण्यातून घ्यायला सांगितले. डायलिसिस बंद करा असे ते म्हणाले नाहीत, तेवढे मान्य करायला हवे. म्हणाले असते तर मी हा लेख इतक्या शांतपणे लिहिला नसता. कुठल्याशा यज्ञाचा संकल्प आहे, एवढेच ते बोलले आणि आत्याने हातातल्या दोन्ही पाटल्या काढून त्यांच्या झोळीत टाकल्या. चार महिन्यांनी आतोबा गेले. उरलेल्या भस्माची पुडी अजून आत्याच्या देव्हाऱ्यात आहे, अक्षतांच्या डबीमागे.

मी तेव्हा त्याच खोलीत होते. आणि ती युक्ती मला माहीत होती. आदल्याच वर्षी शाळेत विज्ञानाच्या सरांनी करून दाखवली होती.

त्या गृहस्थांनी केले आणि जादूगाराने केले यांत हातांची हालचाल अगदी सारखी. वाणिज्य शाखेत आम्हाला भारतीय करार कायदा, १८७२ शिकवतात. त्यातल्या तेराव्या कलमाने मला या कोड्याची पहिली किल्ली दिली. संमती कशाला म्हणावे, तर दोघेजण एकाच गोष्टीबद्दल, एकाच अर्थाने सहमत झाले तर. 'एकाच अर्थाने' हे शब्द परीक्षेपुरते पाठ केले होते. नंतर कळले की जादूच्या तिकिटावर न छापलेला करार तोच आहे. मी तुम्हाला फसवणार, हे त्याला ठाऊक आणि आपल्यालाही ठाऊक. दोघे एकाच अर्थाने त्या सभागृहात बसलेले असतात. म्हणून त्या फसवणुकीत असत्य असले तरी विश्वासघात नसतो. आत्याच्या घरात ते गृहस्थ एका अर्थाने आले होते आणि आत्याने त्यांना पाणी दिले ते दुसऱ्याच अर्थाने.

हा न छापलेला करार किती नाजूक असतो, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. एप्रिल १९५६ मध्ये बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमात सरकारांनी एका मुलीला करवतीने मधोमध कापण्याचा खेळ केला. खेळ संपला, ते तिचे हात चोळू लागले, ती उठेना, आणि तेवढ्यात निवेदकाने कार्यक्रम आटोपता घेतला. मुलगी खरोखरच मेली अशा समजुतीने घाबरलेल्या प्रेक्षकांच्या फोनची रीघ लागली. तोच खेळ नाट्यगृहात झाला असता तर लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. पण 'पॅनोरमा' हा चालू घडामोडींचा कार्यक्रम होता. लोक ज्या अर्थाने पडद्यासमोर बसले होते, तो अर्थ जादूचा नव्हता. मुलगी अर्थातच सुखरूप होती, आणि सरकारांचे नाव घरोघरी पोचले ते वेगळेच.

करार कायद्यातच पुढे सोळावे कलम आहे. एकाचे मन दुसऱ्याच्या कह्यात असेल आणि त्याचा गैरफायदा घेतला गेला, तर ती संमती मोकळी मानली जात नाही. हे शिकवताना एकोणिसाव्या शतकातला अलाहाबाद हायकोर्टाचा एक खटला हमखास सांगतात. एका वृद्ध शिष्याने परलोकात आत्म्याचे कल्याण व्हावे म्हणून आपली सगळी मालमत्ता गुरूच्या नावे करून दिली होती. कोर्टाला ते दान मोकळ्या मनाचे वाटले नाही. वर्गात हा खटला आला तेव्हा मला पाटल्या आठवल्या. तुम्ही आणि मी गुरुतत्त्व मानणारी माणसे आहोत, म्हणून आपल्याला हे वाचताना जरा टोचते. टोचू दे. शिष्याचे मन जितके जास्त हाती, तितका गुरूचा हात जास्त स्वच्छ हवा, हे आपल्याच परंपरेने कायद्याच्या कितीतरी आधी सांगितले आहे. पतंजलींनी विभूतिपादात सिद्धींचे वर्णन केले आणि तिथेच त्या समाधीतले अडथळे आहेत असेही बजावले. श्रीरामकृष्ण एका माणसाची गोष्ट सांगत. अनेक वर्षे तप करून तो पाण्यावरून चालत नदी पार करायला शिकला. भाऊ म्हणाला, नावाड्याला एक पैसा देऊन मीही पार होतो. आपल्या ज्ञानेश्वर माउलींनी भिंत चालवली ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे, पण चांगदेवांच्या हाती शेवटी काय पडले आणि आज आपल्या हाती काय आहे, तर पासष्ट ओव्या. सत्संगात अनुभव सांगताना आपण भिंतीवर जास्त वेळ घालवतो आणि ओव्यांवर कमी, असे मला भाषांतर करताना पुष्कळदा जाणवते. हे कोणाला लागले तर क्षमा असावी.

इथपर्यंत सगळे माझ्या बाजूचे होते. ते गृहस्थ ठक, जादूगार प्रामाणिक, आणि मी सत्याच्या बाजूची. पण आता त्याच तेराव्या कलमाने माझ्याकडे पाहा.

आत्याला मी काय सांगितले होते? "चल ना, मजा येईल, बरेच दिवसांत तू बाहेर पडली नाहीस." ती इरकल नेसून, केसात फूल माळून आली होती. ती हसायला आली होती. मी तिला धडा शिकवायला नेले होते. प्रयोगात भस्माचा खेळ आहे, हे मला मैत्रिणीकडून आधीच कळले होते आणि ते मी लपवले. सतराव्या कलमात फसवणुकीच्या प्रकारांत हेही आहे, माहीत असलेली गोष्ट मुद्दाम दडवणे. जादूगार आणि आत्या एका अर्थाने तिथे होते. एकाच सभागृहात, एकाच तिकिटाच्या दरात, वेगळ्या अर्थाने बसलेली व्यक्ती मी होते. दोन्ही दारे उघडा म्हणून ओरडणारी, आणि फासा भलतीकडेच.

सत्य सांगण्यासाठी असत्याचा आधार घेतला तर काय बिघडले, असे तुम्ही विचाराल. औषध गुळात घालून देतातच की. मी यावर खूप विचार केला. गुळातले औषध देणारा शेजारी बसून रोग्याचा चेहरा पाहत हसत नाही. मला आत्या बरी व्हायला नको होती, मला ती चुकलेली दिसायला हवी होती. हे लिहायला मला तीन दिवस लागले.

त्या क्षणी तिचा चेहरा मला दिसला, पण कळला नाही. टॉमी कूपर नावाचा इंग्रज विनोदी जादूगार होता. लाल तुर्की टोपी आणि सतत फसणाऱ्या जादू ही त्याची ख्याती. १५ एप्रिल १९८४ रोजी लंडनच्या हर मॅजेस्टीज थिएटरमध्ये, दूरदर्शनवर थेट प्रक्षेपण चालू असताना, तो रंगमंचावर कोसळला. हृदयविकाराचा झटका होता. लोक हसत राहिले, कारण कोसळणे हा त्याच्या विनोदाचाच भाग वाटला. त्या प्रेक्षकांना निर्दय म्हणता येणार नाही. जे दिसणार ते विनोदच असणार, हे त्यांनी आधी ठरवले होते, एवढेच. मीही असेच ठरवून आले होते. आत्या खाली मान घालून बसली, तेव्हा मला वाटले, चला, लागले औषध.

मध्यंतरी याच विषयावरचे एक प्रवचन माझ्याकडे भाषांतराला आले होते. शंकराचार्यांनी मांडूक्याच्या भाष्यात एका मायावी पुरुषाचा दृष्टान्त दिला आहे. तो आकाशात दोरा फेकतो, शस्त्र घेऊन त्यावर चढतो, दिसेनासा होतो, वर लढाई होते, त्याचे तुकडे होऊन खाली पडतात आणि तो पुन्हा उभा राहतो. खरा जादूगार मात्र सगळा वेळ जमिनीवरच असतो, लोकांना न दिसता. परमार्थतत्त्व त्या जमिनीवरच्या माणसासारखे, आणि मुमुक्षूने लक्ष त्याच्याकडे द्यावे, दोऱ्याकडे नाही. भाषांतर करताना मी 'माया' या शब्दावर अडले होते, भ्रम म्हणू की भूल. पण दोऱ्याची युक्ती ओळखणे म्हणजे जमिनीवरचा माणूस दिसणे नव्हे, हे मात्र तेव्हा माझ्या लक्षात आले नाही. मला नऊ वर्षांपासून दोऱ्याची युक्ती माहीत होती. जमिनीवर माझ्या शेजारी बसलेली आत्या मला दिसत नव्हती.

परतताना रिक्षात ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तुला ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. सातवीत शाळेत दाखवलं होतं."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

याला मी काय उत्तर देणार? कायद्याच्या पुस्तकात त्याच सतराव्या कलमाखाली एक स्पष्टीकरण आहे की नुसते गप्प बसणे म्हणजे फसवणूक नव्हे, मात्र बोलणे हे कर्तव्य असेल तर गोष्ट वेगळी. तेरा वर्षांच्या मुलीचे ते कर्तव्य होते का? त्या खोलीत सगळ्यांचे चेहरे किती दिवसांनी उजळले होते. मी घाबरले होते, आणि थोडे असेही वाटले होते की न जाणो, या वेळी खरे असेल. हे मी आत्याला सांगितले. जेव्हा बोलायला धैर्य लागणार होते तेव्हा मी बोलले नाही, आणि आता ज्यात माझे काहीच जाणार नव्हते तेव्हा तिकीट काढून बोलले. हे मात्र मी तिला सांगितले नाही. तुम्हाला सांगते आहे.

आत्या म्हणाली, "भस्मानं बरं होणार नाही हे मला तरी कुठं कळत नव्हतं? पण ते एकवीस दिवस ते पोटभर जेवले ग. ताट परत आलं नाही एकदाही."

ते एकवीस दिवस मी त्या गृहस्थांच्या जमेला धरू का? खूप दिवस ठरवता आले नाही. आता माझे मत असे आहे की नाही. ताट रिकामे झाले ते आतोबांच्या श्रद्धेने आणि आत्याच्या हातच्या मऊ भाताने. गृहस्थांनी फक्त पाटल्या नेल्या, आणि लिंबू कापून त्या परत काढून दाखवायला ते काही आले नाहीत. पण श्रद्धा आत्याची होती, त्यांची नव्हती. तिच्या श्रद्धेचा हिशेब त्यांच्या खात्यावर मांडून तो चुकता करायला निघाले, तिथे माझी नोंदच चुकली होती.

घराच्या वळणावर रिक्षा थांबली. मी पैसे देत होते, तर आत्या खाली उतरून पदर सावरत उभी राहिली आणि एकदम म्हणाली, "पण तो फासा ग? तो आवाज तर आतून येत होता. मग टोपीत कसा गेला?"

"मला नाही माहीत, आत्या," मी म्हणाले.

"खरंच?"

"खरंच नाही माहीत."

ती हसली. "बरं झालं," म्हणाली, आणि किल्ली शोधत जिना चढू लागली.